सात पूर्णांक चार

अल ऐन,
४ ऑक्टोबर १९९७

सौ. अर्चनास,

मिरजेला पोचल्याचा तुझा फोन आईने घेतला. मी घरातच होतो, पण बोलावंसं वाटलं नाही. तू रडणार आणि मिनिटं तशीच जाणार, हे ठरलेलं. म्हणून लिहितो आहे. कागदावर तू कितीही रडलीस तरी मला ऐकू येत नाही.

ओवी परवा वॉर्डातून घरी आली. डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आहे, पोट अजून टम्म आहे. कॅप्सूल फोडून मधातून द्यायची असते, ते आई व्यवस्थित करते. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, चौदा महिन्यांच्या मुलीच्या लिव्हरमध्ये एवढं तांबं मी आजवर पाहिलं नव्हतं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही तर पाण्याचे केमिस्ट आहात ना?" अकरा वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. तुझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं.

तुझ्या आईने दिलेली ती तांब्याची कळशी. साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलीस, कस्टमवाल्याला उघडून दाखवलीस, आणि घरी आल्यावर ओट्यावर अशी मांडलीस की जणू देव बसवला. संध्याकाळी नळाखाली भरायची आणि सकाळी त्याच पाण्यात पोरीच्या दुधाची पावडर कालवायची. तांब्यातलं पाणी बाळाला मानवतं, आईने सांगितलंय. तुझ्या आईने सांगितलं म्हणजे विषय संपला. घरात एक केमिस्ट नवरा आहे, त्याला विचारावं, हे काही तुझ्या डोक्यात आलं नाही.

कळशी मी अबुधाबीजवळच्या मुसफ्फात भंगारवाल्याकडे टाकून आलो. परत मागू नकोस.

तुला पाठवलं ते शिक्षा म्हणून नाही, हे पुन्हा सांगतो. तू ओवीजवळ चमचा घेऊन बसायचीस आणि हात इतका थरथरायचा की औषध निम्मं उशीवर सांडायचं. अशा माणसाचा आजारी पोरीला उपयोग काय? आई आली आहे, घर शांत आहे. डिसेंबरात तिकीट पाठवतो. तोवर तब्येत सांभाळ आणि दर दोन दिवसांनी फोन करू नकोस.

प्रल्हाद


अल ऐन,
१८ डिसेंबर १९९७

सौ. अर्चनास,

पार्सल मिळालं. वाळवंटात राहणाऱ्या मुलीला लोकरीचा स्वेटर विणून पाठवायला तुझंच डोकं हवं. बाही लांब झाली आहे, पण आईने टाकून दिला नाही, पायपुसण्याजवळ ठेवला आहे. तुझ्या आईचे बेसनलाडू मात्र टाकून दिले. त्या घरातून आलेलं काही ओवीच्या तोंडाजवळ जाऊ द्यायचं नाही, असं माझ्या आईने ठरवलं आहे आणि मी तिला विरोध करणार नाही.

ओवी आता उभी राहते, टेबलाला धरून चार पावलं टाकते. "आई" हा शब्द बोलते, पण तो आजीसाठी. तुला वाईट वाटेल म्हणून लिहिणार नव्हतो, मग वाटलं, खरं ते कळलेलं बरं.

तुझ्या पत्रातला प्रश्न वाचला. तू विचारतेस, आम्ही तिघं भावंडं त्याच कळशीतलं पाणी पिऊन वाढलो, कुणाला काही झालं नाही, मग ओवीलाच का झालं? प्रश्नापुढे तीन प्रश्नचिन्हं दिली आहेस. एक पुरलं असतं.

अर्चना, मिरजेच्या मुलांना काय होतं आणि काय पचतं, ते मला ठाऊक नाही. तान्ह्या मुलाचं लिव्हर कोवळं असतं, तांबं बाहेर टाकायची ताकद त्यात नसते. एवढं उत्तर पुरे आहे. पाण्यात दोष शोधायला जाऊ नकोस. आपल्या कंपाउंडच्या अठरा घरांना येतं ते विहिरीचं पाणी प्लांटमध्ये गाळून, शुद्ध करून येतं, आणि त्या प्लांटची देखभाल तुझा नवरा करतो. पाणी आंबट आहे की अल्कधर्मी, ते पीएच नावाच्या एका आकड्यात मोजतात. सात म्हणजे मध्यावर. साताच्या खाली गेलं की पाण्यात आम्ल, आणि आम्ल धातू खातं. आपला आकडा दर आठवड्याला सात पूर्णांक चारच्या आसपास. हे मी तुला सांगायची गरजच नाही, कारण दर गुरुवारी रजिस्टर तूच भरत होतीस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं म्हणून वही ओढून घ्यायचीस. मी सांगायचो आणि तू सुरेख वळणदार अक्षरात लिहायचीस. कंपनीत सगळे त्या अक्षराचं कौतुक करायचे.

तेव्हा पाणी चांगलं होतं. तुझ्याच हाताने लिहिलेलं आहे.

तिकिटाचं म्हणशील तर या महिन्यात जमत नाही. सुट्ट्यांमुळे विमानं भरलेली आहेत. फेब्रुवारीत बघू, इन्शाल्ला.

प्रल्हाद


अल ऐन,
२ एप्रिल १९९८

सौ. अर्चनास,

तू व्हिसाबद्दल विचारलं आहेस, त्याचं उत्तर आधी देतो. इथला कायदा असा आहे की सलग सहा महिने देशाबाहेर राहिलं की व्हिसा आपोआप जातो. तुझे सहा महिने मागच्या महिन्यात भरले. मला ते माहीत होतं का, असं तू विचारशील. होतं. दर महिन्याला तिकीट लांबवत होतो ते याचसाठी. भांडण करून, आरडाओरडा करून कुणाला घराबाहेर काढणं माझ्या स्वभावात नाही. हे सगळ्यांच्या सोयीचं झालं. नवा व्हिसा काढायचा तर माझी सही लागते आणि ती मी करणार नाही.

आता तुझ्या रामचंद्रमामांच्या पत्राबद्दल. शाळेत केमिस्ट्री शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने मला चार पानांचं पत्र लिहावं, तेही समीकरणांसकट, याची गंमत वाटली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सात पूर्णांक चारचं पाणी बारा तासांत एवढं तांबं उचलूच शकत नाही. मिरजेचं पाणी जड, कळशीला आतून पांढरा थर धरतं, म्हणून तुम्ही तिघं वाचलात. अल ऐनचं पाणी कळशी खात होतं, याचा अर्थ ते आंबट होतं. म्हणजे आकडा खोटा. शिवाय तुझी साक्ष काढली आहे: बेसिनमध्ये नळाखाली हिरवा डाग पडायचा, अर्चना लिंबू घासून काढायची, आणि प्रल्हादराव म्हणायचे, साबणाचा डाग आहे.

म्हाताऱ्याचं डोकं अजून चालतं, हे मान्य करतो. पण पुढचं नीट वाच आणि त्यांनाही वाचून दाखव.

ते रजिस्टर कंपनीच्या कपाटात आहे. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत अक्षर तुझं आहे. मागच्या जुलैत मी चार आठवडे मुसफ्फाला होतो. तुला फोनवर सांगायला वेळ झाला नाही, आणि तू मला न विचारता, मागचं पान बघून, चारही गुरुवारी सात पूर्णांक चार लिहून टाकलंस. आल्यावर मला दाखवलंस आणि हसून म्हणालीस, रोज तेच असतं, म्हणून लिहून टाकलं. आठवतं? मी तेव्हा रागावलो नव्हतो. आता विचार कर. ऑगस्टात ओवीला उलट्या सुरू झाल्या. त्याआधीच्या चार आठवड्यांचे आकडे कुणी मनाने लिहिले? मामांना आकडा खोटा आहे हे सिद्ध करायचं असेल तर जरूर करू दे. खोटा आकडा लिहिणारा हात तुझा, कळशी भरणारा हात तुझा, बाटली तोंडाला लावणारा हातही तुझाच. पोलिसांत जा, कंपनीला कळव, कुठेही जा. मी सोबत येईन आणि अक्षर ओळखून देईन.

वकिलाकडून कागद येतील. परस्पर संमतीचे आहेत. ओवी माझ्याकडे राहील असं त्यात लिहिलं आहे. सही करताना हात थरथरू देऊ नकोस, कोर्टात सही जुळावी लागते.

प्रल्हाद


अल ऐन,
९ फेब्रुवारी २०००

अर्चनास,

नावाआधी "सौ." लिहायचं आता कारण उरलं नाही. कोर्टाचा कागद गेल्या आठवड्यात मिळाला. तू आडकाठी केली नाहीस, मामांनाही गप्प बसवलंस, हे चांगलं केलंस.

त्याच्या सोबत तुझं पत्र होतं. आठ पानं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, तिने दोनदा थांबवून परत वाचायला लावलं. तू लिहितेस की दोन वर्षं तुला झोप नाही. तुझेच शब्द उतरवतो: "कळशीचं पाप आईच्या अज्ञानावर ढकलता येईल, पण ते चार आठवडे कुणावर ढकलू? मी आकडे मनाने लिहिले, तेव्हाच पाणी बिघडलं असणार, एक फोन केला असता तर तुम्ही धावत आला असता आणि माझं लेकरू वाचलं असतं. मी ओवीच्या लायक नाही, म्हणून सही केली." शेवटी माझी क्षमा मागितली आहेस. एकदा नाही, सात वेळा. मोजली.

क्षमा केली. हे लेखी देतो आहे, जपून ठेव.

तुझी विनंती मात्र मान्य करता येत नाही. एकदाच येऊन पंधरा मिनिटं भेटते, लांबून बघते, असं तू लिहितेस. इथे यायला कुणालातरी व्हिसा काढावा लागतो, आणि इथे तुझं असं मीच एक आहे. फोनचंही बंद करू. मागच्या वाढदिवसाला तुझा आवाज ऐकून ओवीने रिसीव्हर सोफ्यावर टाकला आणि आजीच्या मागे जाऊन लपली. तू तिकडे "ओवी, ओवी" करत होतीस, ते खोलीभर ऐकू येत होतं. मी लगेच ठेवला नाही. आईला वाटलं, मला तुझी दया आली. खरं सांगायचं तर ती हाक किती वेळ चालते, ते मला बघायचं होतं. तीन मिनिटं चालली.

ओवीला काय सांगितलं आहे, असं तू विचारलं आहेस. जे घडलं तेच. आईने तिला समजेल अशा भाषेत सांगितलं: तुझ्या आईने तुला विष पाजलं होतं, बाबांनी वाचवलं. विष हा शब्द मला जरा जास्त वाटला. पण तांबं म्हणजे काय, हे साडेतीन वर्षांच्या मुलीला कसं समजावणार?

मे महिन्यात मी लग्न करतो आहे. अनुराधा पुण्याची आहे, इथे शाळेत शिकवते. ओवी तिला ममी म्हणते.

प्रल्हाद


अल ऐन,
२६ मे २००३

अर्चनास,

तीन वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस. ओवी बरी आहे. लिव्हर साफ आहे, उंची वयाच्या मानाने थोडी कमी. ती तुझ्याकडे येते आहे.

आई गेल्या दिवाळीनंतर गेली. तुला कळवायचं कारण नव्हतं. अनुराधाला मार्चमध्ये मुलगा झाला, वेदांग नाव ठेवलं. आम्ही जूनअखेर दुबईला, करामा भागात राहायला जातो आहोत. फ्लॅट लहान आहे. अनुराधाचं म्हणणं आहे की तान्ह्या मुलासोबत ओवीसारखं मूल सांभाळणं तिला जमणार नाही. ओवीसारखं म्हणजे कसं, ते ती आल्यावर तुला कळेल. मी फार वाद घातला नाही. तू सहा वर्षं तिला मागत होतीस, आता घे. माझ्या संमतीचा कागद सोबत जोडला आहे, वकिलाला दाखव.

आता एक गोष्ट सांगायची आहे. पश्चात्ताप झाला म्हणून सांगतो, असं समजू नकोस. कंपनी मागच्या वर्षी बंद पडली, प्लांट मोडला, रजिस्टरं कचऱ्यात गेली. मामाही वारले, असं ऐकतो. म्हणजे सांगायला आता काही हरकत नाही.

तुझ्या त्या चार आठवड्यांचा ओवीच्या दुखण्याशी काही संबंध नव्हता.

प्लांटमधून निघालेलं पाणी आंबटच असतं. ते चुनखडीच्या खड्यांच्या टाकीतून सोडतात, तेव्हा आकडा साताच्या वर येतो. खडे विरघळत जातात, दर तीन महिन्यांनी नवे भरावे लागतात. ते काम माझं होतं. त्या वर्षी मुसफ्फाच्या मोठ्या लॅबमधली जागा मला हवी होती, सगळा वेळ तिकडे जात होता, आणि भरणं तीनदा चुकलं. फेब्रुवारीतच प्लांटवरच्या हमीदने येऊन सांगितलं, "सर, पत्थर खलास हो गया, पानी खट्टा आ रहा है." मी म्हटलं, "अगले महीने मंगाते हैं, तू किसी को बोलना मत." आकडा पाच पूर्णांक सहा होता. फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत दर गुरुवारी पाच पूर्णांक सहा होता, आणि मी तुला सात पूर्णांक चार सांगत होतो. जुलैत तू मनाने जे लिहिलंस, तेच मीही सांगितलं असतं. फोन केला असतास तरी मी धावत आलो नसतो.

पुढचंही सांगून टाकतो. जूनमध्ये एकदा तू आंघोळीला गेली होतीस, तेव्हा मी कळशीत चाचणीचा कागद बुडवला. हिरवा व्हायला हवा तो पिवळा झाला. थोडं पाणी बाटलीत घेऊन लॅबमध्ये तांब्यासाठी तपासलं. किती निघालं ते लिहीत नाही, तू रात्रभर तोच आकडा घोकत बसशील. म्हणजे ओवीला पहिली उलटी व्हायच्या दोन महिने आधी मला कळलं होतं. मी स्वतः तेव्हापासून ऑफिसातून पाण्याची बाटली भरून आणत होतो. तू म्हणायचीस, घरचं पाणी गोड लागत नाही का तुम्हाला?

कळशी वापरू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण तू का म्हणून विचारलं असतंस. मग आकडा सांगावा लागला असता, आणि तुझं तोंड काही बंद राहत नाही, शेजारच्या शहनाझला तू तासाभरात सांगितलं असतंस. तिचा नवरा आमच्याच कंपनीत होता. जागेची मुलाखत सप्टेंबरात होती. मला वाटलं, सप्टेंबरापर्यंत निभून जाईल. डॉक्टरीणबाईंनी तांबं म्हटलं, तेव्हा हॉस्पिटलातून मी थेट प्लांटवर गेलो आणि हमीदकडून एका दिवसात सगळे खडे भरून घेतले. मग घरी येऊन तुझ्यावर ओरडलो. तुझ्या आईच्या नावाने जे बोललो ते तेव्हाचंच.

ती जागा मला मिळाली, राहणं अल ऐनलाच ठेवलं, हे तुला माहीत आहेच. तू मिरजेहून अभिनंदनाचं कार्ड पाठवलं होतंस.

हे पत्र घेऊन तू कुणाकडे जाशील, मला ठाऊक नाही. जा. सहा वर्षांपूर्वीच्या नळाच्या पाण्याची केस कुणी घेत नाही.

मागच्या शुक्रवारी ओवीला समोर बसवून मी हे सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत सांगितलं, की चूक आईची नव्हती, माझी होती, पाणी मी बिघडू दिलं. तू समजतेस तेवढा मी अगदीच वाईट नाही. मुलगी आठवड्याभरात तुझ्या दारात उभी राहणार, तिने तुला घाबरू नये, असं मलाही वाटलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत देते. म्हणाली, "यू आर जस्ट सेइंग धिस सो दॅट आय विल गो." मी म्हटलं, नाही बेटा, हे खरं आहे. ती म्हणाली, "आजी नेव्हर लाइड टू मी." आणि उठून तिची बॅग भरायला गेली. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे. पुन्हा सांगायचा प्रयत्न मी केला नाही. आता तू सांगून बघ. पण तुझं बोलणं ती का मानेल, हे मला सुचत नाही.

हे पत्र कुरिअरने पाठवतो आहे. विमान शनिवारी, ३१ तारखेला, सकाळी सव्वासहाला मुंबईत सहारला उतरेल. एअरलाइनची बाई सोबत असेल, तुझं ओळखपत्र बघूनच मुलगी ताब्यात देतील, ते विसरू नकोस. ओवी दिवा लावूनच झोपते. शिजवलेलं ती समोर दुसऱ्या कुणी खाल्ल्यावर खाते. पाणी फक्त बाजारातल्या बंद बाटलीचं पिते, झाकण स्वतः फोडते. तेव्हा बाटल्या आणून ठेव आणि तशाच तिच्या हातात दे. तू उघडून दिलीस तर ती पिणार नाही.

प्रल्हाद